बाळंतपणानंतर कामावर परतणारी आई : कारखान्याने, कार्यालयाने आणि घराने करायची तयारी

सहा महिन्यांच्या रजेनंतर कामावर आलेली बाई दीड-दोन महिन्यांत राजीनामा देते, तेव्हा कागदावर बहुधा ‘घरगुती अडचण’ एवढेच कारण येते. नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींत कर्मचारी विभागाचे काम करताना असे अनेक राजीनामे माझ्या टेबलावरून गेले आहेत. नीट बसून विचारले की अडचण बहुतेक वेळा वेळेची आणि जागेची निघते. दूध काढायला आडोसा नसतो, शिफ्ट बदलून मिळत नाही, किंवा पाळणाघर साडेसहाला बंद होते आणि कंपनीची बस पावणेसातला घराजवळ सोडते. अशा अडचणी नुसत्या सहानुभूतीने सुटत नाहीत. त्या आधी ठरवाव्या लागतात, लिहून ठेवाव्या लागतात आणि कोणाच्या तरी नावावर सोपवाव्या लागतात. हे कसे करायचे ते पुढे क्रमाने मांडले आहे. लेख प्रामुख्याने मालक, व्यवस्थापक आणि पर्यवेक्षक यांच्यासाठी आहे. मात्र घरच्यांच्या वाट्याला येणारे कामही त्यात आहे, कारण ते झाले नाही तर कंपनीने केलेली सोय अपुरी पडते.

पहिली पायरी : रजेवर जाण्याआधी तारखांचा हिशेब

मातृत्व लाभाचा मूळ कायदा १९६१ चा असून २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाल्यामुळे याच तरतुदी आता त्या संहितेत आहेत. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेल्या स्त्रीला हा हक्क मिळतो. आधीची दोन किंवा अधिक मुले हयात असतील तर रजा १२ आठवड्यांची असते. गरोदरपण, प्रसूती किंवा अपुऱ्या दिवसांचे बाळ यांमुळे आजारपण आले, तर त्यावर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळू शकते.

या २६ आठवड्यांपैकी प्रसूतीच्या आधी जास्तीत जास्त ८ आठवडे घेता येतात, आणि पुढचे सगळे नियोजन या एका आकड्यावर उभे राहते. आधी ८ आठवडे घेतलेली आई परत येते तेव्हा बाळ १८ आठवड्यांचे, म्हणजे जेमतेम सव्वाचार महिन्यांचे असते आणि पूर्णपणे अंगावरच्या दुधावर असते. आधी एकच आठवडा घेतलेल्या आईचे बाळ ती परतताना २५ आठवड्यांचे असते. त्याचे उष्टावण जवळ आलेले असते आणि थोड्याच दिवसांत मऊ भात, घट्ट वरण, नाचणीची खीर सुरू होणार असते. या दोघींच्या गरजा सारख्या नाहीत. म्हणून रजेचा अर्ज घेतानाच परतण्याची तारीख आणि त्या दिवशीचे बाळाचे वय हे दोन्ही फाइलवर लिहावे. शिल्लक हक्काची रजा जोडायची असेल तर तेही तेव्हाच बोलून घ्यावे. आधी किती आठवडे घ्यायचे हा निर्णय मात्र तिचा आणि तिच्या डॉक्टरांचा आहे. ‘शेवटपर्यंत काम कर, नंतर जास्त रजा मिळेल’ असा सल्ला कार्यालयाने देऊ नये.

लहान उद्योजकांना खर्चाची भीती वाटते, आणि त्यांचे ऐकून घेतले पाहिजे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेली स्त्री ‘कामगार राज्य विमा योजने’त (ईएसआय) असेल, तर प्रसूतिकाळाचा लाभ योजनेकडून मिळतो, मालकाच्या खिशातून नव्हे. त्यासाठी लगतच्या दोन सहामाही अंशदान (वर्गणी) कालावधींत मिळून किमान ७० दिवसांचे अंशदान भरलेले असावे लागते. अंशदान वेळेवर न भरणारा ठेकेदार त्या बाईचा हा लाभ नकळत बुडवतो, म्हणून कंत्राटी कामगारांचे चलन मुख्य मालकाने स्वतः तपासावे.

दुसरी पायरी : रजेच्या काळात संपर्क किती आणि कसा

रजेवर असताना कामाचे फोन करू नयेत. पासवर्ड विचारायला किंवा जुनी फाइल कुठे आहे ते विचारायला रोज येणारा फोन हा रजेचा भंगच आहे. कामाचे हस्तांतर आधी लेखी झाले असेल तर त्याची गरजही पडत नाही. संपर्कासाठी एकच व्यक्ती ठरवावी आणि तिने परतण्याच्या साधारण दोन महिने आधी एकदा फोन करावा. त्या फोनवर ‘कधी येताय?’ असे विचारू नये, कारण तारीख आपल्याकडे आहेच. बाळ कोणाकडे राहणार, जाण्यायेण्याला किती वेळ लागणार, दूध काढण्यासाठी दिवसातून किती वेळा उठावे लागणार आणि कोणती शिफ्ट जमणार, हे चार प्रश्न विचारावेत व उत्तरे टिपून घ्यावीत. कामाच्या स्वरूपामुळे शक्य असेल तर रजेनंतर काही काळ घरून काम करण्याची मुभा परस्परसंमतीने देता येते, अशी तरतूद कायद्यातच आहे. ती मालकानेच पुढे होऊन सांगावी. बहुतेक जणी ती मागायला कचरतात.

तिसरी पायरी : खोली

माझ्या अनुभवात सर्वाधिक दुर्लक्ष याच गोष्टीकडे होते आणि सर्वांत कमी पैशांत सुटणारी गोष्टही हीच आहे. खोली नसेल तर बाई स्वच्छतागृहात जाते. भिंतीला पाठ लावून, ओढणीचे एक टोक दातांत धरून, बाहेर कोणी दार वाजवेल या धास्तीने ती दूध काढते आणि बरेचदा ते बेसिनमध्ये ओतून टाकते. मन असे धास्तावलेले असले की पान्हा मोकळा फुटत नाही. छाती भरलेली राहते, दूध साकळते, गाठी धरतात आणि ताप येतो. मग ती दोन दिवस रजा घेते आणि ‘हिच्या रजा वाढल्या’ अशी नोंद होते.

आठ फूट लांब आणि सहा फूट रुंद जागा पुरते. अंबडमधल्या एका कारखान्यात आम्ही जुन्या स्टेशनरीच्या खोलीतून अशी जागा काढली. दाराला आतून कडी बसवली, काचेला दुधी कागद लावला आणि पाठ टेकता येईल अशी हाताची खुर्ची ठेवली. खुर्चीच्या उंचीवर एक प्लग घेतला, कारण विजेच्या पंपाची वायर जमिनीलगतच्या प्लगपर्यंत पोहोचत नाही. शेजारी लहान टेबल, पंखा, झाकणाची कचरापेटी आणि दाराबाहेर ‘आत कोणी आहे’ अशी फिरवायची पाटी लावली. हात आणि पंपाचे भाग धुण्यासाठी नळ खोलीत नसला तरी जवळ हवा. छोटा फ्रीज हवाच, आणि तो केवळ याच कामासाठी असावा. तपासणीचे नमुने, रसायने किंवा सगळ्यांचे डबे असलेल्या फ्रीजमध्ये दूध ठेवू नये. खोलीत सीसीटीव्ही नसावा, आणि नाही हे तिला आत नेऊन दाखवावे. प्रथमोपचाराची खोली हा पर्याय वरवर सोयीचा वाटतो, पण तिथे खोकणारा किंवा जखमी कामगार कोणत्याही क्षणी येऊ शकतो, म्हणून तो मला मान्य नाही.

चौथी पायरी : वेळ

बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत आईला रोजच्या विश्रांतीच्या सुट्टीखेरीज स्तनपानासाठी आणखी दोन सुट्ट्या देणे कायद्याने बंधनकारक आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी आणि तिथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा हवी, ज्यात विश्रांतीची सुट्टी धरलेली आहे. नियमाने मिळणारी मिनिटे मोजत बसण्यापेक्षा मी प्रत्येक वेळेस अर्धा तास धरण्याचा आग्रह करते, कारण खोलीपर्यंत जाणे, हात धुणे, दूध काढणे, डब्यावर तारीख-वेळ लिहिणे आणि पंप धुऊन परत येणे यांत तेवढा वेळ सहज जातो.

वेळ घड्याळाने ठरलेली असावी. ‘लागेल तेव्हा जा’ हे ऐकायला उदार वाटते, पण उत्पादनाच्या लाइनवर त्याचा अर्थ रोज नव्याने परवानगी मागणे असा होतो, आणि पुरुष पर्यवेक्षकासमोर हे कारण रोज उच्चारणे अनेकींना नकोसे वाटते. पर्यवेक्षकाने पहिल्याच दिवशी, इतरांच्या समोर नव्हे तर बाजूला बोलावून, सरळ सांगावे : “ताई, साडेदहा आणि अडीच या तुमच्या वेळा ठरल्या आहेत. तुमच्या जागी बदली माणूस मी आधीच उभा करीन, तुम्ही मला विचारायला यायची गरज नाही.” एवढ्या दोन वाक्यांनी पुढची वर्षभराची कुचंबणा टळते.

शिफ्टचेही तसेच. निदान पहिले तीन महिने फिरती शिफ्ट नको. सकाळची किंवा जनरल अशी एकच शिफ्ट कायम ठेवावी. आठवड्याला वेळ बदलली की बाळाची झोप, आईचे दूध आणि सांभाळणाऱ्या बाईची वेळ हे तिन्ही एकदम विस्कटते. शिवाय ताटातूट शिफ्टच्या आठ तासांची नसते, घर सोडल्यापासून घरी पोहोचेपर्यंतची असते. नाशिकरोडहून इगतपुरीच्या वाटेवरील गोंदे इथल्या कारखान्यात जाणारीला शहरातले द्वारका आणि मुंबई नाका हे चौक ओलांडून जावे लागते, आणि सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांमुळे प्रवासाच्या वेळेचा भरवसा आणखी कमी झाला आहे. अशा वेळी दहा-साडेदहा तास धरावेत. कंपनीच्या बसचा थांबा पाळणाघराच्या जवळ आणता आला तर रोजची वीस मिनिटेही मोठी ठरतात.

पाचवी पायरी : दुधाची घडी घरी बसवणे

हे काम परतण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू करावे. आई दूर असते तेव्हा एक ते सहा महिन्यांच्या बाळाला साधारणपणे ताशी ३० ते ४५ मिलिलिटर दूध लागते, म्हणजे दहा तासांसाठी ३०० ते ४५० मिलिलिटर. फ्रीज भरून साठा करण्याची गरज नाही. पहिल्या दिवसापुरते आणि वर एका वेळचे जास्त एवढे पुरते, कारण आज कामावर काढलेले दूध बाळाला उद्या मिळते. बहुतेक जणींना सकाळी जास्त दूध असते, तेव्हा सकाळच्या पाजण्यानंतर एकदा काढण्याची सवय लावून घ्यावी. पंप नसला तरी स्वच्छ धुतलेल्या हाताने काढता येते. सरकारी दवाखान्यातील परिचारिका किंवा आपल्या आशाताई ते समोर बसून शिकवू शकतात.

साठवणीचे नियम सर्वांनाच पाठ असावेत, विशेषतः बाळ सांभाळणाऱ्याला. ताजे काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकते. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा ४० च्या आसपास जातो, तेव्हा हा नियम धरून चालू नये. दूध लगेच थंड करावे. फ्रीजमध्ये ते चार दिवस टिकते, मात्र ते दारात न ठेवता मागच्या बाजूला ठेवावे. गोठलेले आईस पॅक घातलेल्या थर्मोकोलच्या किंवा इन्सुलेटेड पेटीत २४ तास चालते, त्यामुळे बसच्या प्रवासाची चिंता उरत नाही. फ्रीजरमधून काढून पातळ झालेले दूध २४ तासांत वापरावे आणि पुन्हा गोठवू नये. बाळाने तोंड लावलेले दूध दोन तासांत संपवावे, अन्यथा टाकून द्यावे. कोमट करायचे ते गरम पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही.

बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले वापरावे. ते उकळून स्वच्छ करणे सोपे असते आणि बाळाची अंगावर पिण्याची सवय मोडत नाही. पहिल्या प्रयत्नाला बाळ बहुतेक वेळा तोंड फिरवते. आई समोर असताना ते दुसऱ्याकडून पिणारच नाही, म्हणून सराव आजीने, बाबांनी किंवा सांभाळणाऱ्या ताईंनी करावा आणि आईने तेवढा वेळ घराबाहेर जावे. दोन-चार दिवस रडारड होते; त्यावरून ‘हिला नोकरी सोडावी लागणार’ असा निष्कर्ष घरात कोणी काढू नये.

सहावी पायरी : बाळ कोणाकडे

सासूबाई किंवा आई सांभाळणार असतील तर ते भाग्यच, पण त्यांच्याही गुडघ्यांचा, रक्तदाबाचा आणि दुपारच्या झोपेचा विचार व्हावा. दहा तास एकट्या वृद्ध बाईवर तान्हे मूल टाकण्यापेक्षा चार तास मदतनीस ठेवणे शहाणपणाचे आहे. पाळणाघर निवडताना चकचकीत भिंती पाहू नयेत. दुपारी न कळवता जाऊन यावे. बाळांना उताणे झोपवतात का, डब्यावर नाव-वेळ लिहितात का, लंगोट बदलल्यावर हात धुतात का, एका बाईकडे किती तान्ही बाळे आहेत, हे पाहावे. एक वर्षाच्या आतली तीनपेक्षा अधिक बाळे एकीकडे असतील तर मी दुसरे पाळणाघर शोधायला सांगते. ताप किंवा जुलाब असलेले मूल ते घेतात का, हेही विचारावे. घेत नसतील तर तो चांगल्या पाळणाघराचा नियम आहे, पण मग त्या दिवशी घरी कोण थांबणार हे आधी ठरलेले हवे. पाळणाघरात जाऊ लागलेले बाळ सुरुवातीला वारंवार सर्दी-खोकल्याने आजारी पडते. दर वेळी आईनेच रजा घ्यायची, असा अलिखित नियम नको. पहिली रजा आईची असेल तर दुसरी बाबांची असावी. खासगी नोकरीत वडिलांना पितृत्व रजा देण्याची सक्ती कायद्याने नाही, त्यामुळे मालकाने स्वतःच्या नियमावलीत काही दिवस दिले तर त्याचा फायदा कोणाच्या तरी परतलेल्या पत्नीला होतो.

कामावर पहिला दिवस शक्यतो आठवड्याच्या मध्यावर धरावा, म्हणजे दोन-तीन दिवसांतच सुट्टी येते. त्याआधीच्या आठवड्यात बाळाला आधी दोन तास, मग चार, मग पूर्ण दिवस सांभाळणाऱ्याकडे ठेवून पाहावे.

सातवी पायरी : काम आणि सहकारी

परतलेल्या बाईला दोन प्रकारे त्रास होतो. कोणी सहा महिन्यांचे तुंबलेले काम पहिल्याच सोमवारी टेबलावर ठेवते, तर कोणी ‘तिला झेपणार नाही’ म्हणून महत्त्वाचे काम कायमचे काढून घेते. दुसरा प्रकार मायेच्या नावाखाली होतो, म्हणून तो अधिक घातक आहे. पहिल्या आठवड्यात काय बदलले ते समजावून द्यावे, नंतर तिचे मूळ काम टप्प्याटप्प्याने पूर्ण परत करावे, आणि कोणते काम आत्ता नको हे तिला विचारून ठरवावे. संध्याकाळी सहाच्या बैठका बंद कराव्यात; त्यांचा त्रास इतरांनाही होतोच. मूल्यमापन काम केलेल्या महिन्यांवरून व्हावे, रजेचे महिने ‘कामगिरी नाही’ म्हणून धरू नयेत.

सहकाऱ्यांच्या नाराजीबद्दल फारसे बोलले जात नाही, पण ती असते आणि ती नेहमी वाईट मनाची नसते. सहा महिने दोघांचे काम एकट्याने ओढलेल्या माणसाला मोबदला, बदली रजा किंवा साधी लेखी दखलही मिळाली नसेल, तर तो राग परतलेल्या बाईवर निघतो. चूक बदली माणूस न देणाऱ्या व्यवस्थापनाची असते. रजेआधीच बदलीची व्यवस्था करणे हा यावरचा खरा उपाय आहे.

द्राक्षांच्या पॅकहाउसमधल्या आणि रोजंदारीवरच्या स्त्रिया

जानेवारी ते एप्रिलच्या हंगामात दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत भागातील पॅकहाउसमध्ये शेकडो बायका द्राक्षे निवडण्याचे आणि पेटीबंद करण्याचे काम करतात. हजेरीपटावरील किंवा रोजंदारीवरील स्त्रीलाही मातृत्व लाभ मिळाला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या कामगार स्त्रियांच्या प्रकरणात २००० साली स्पष्ट केले आहे. ८० दिवसांची अट पूर्ण होत असेल तर ‘ती कायम नाही’ हे उत्तर चालत नाही. अट पूर्ण होत नसेल तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळू शकतात. अंगणवाडीत चौकशी करावी. पॅकहाउसच्या मालकाने एवढे तरी करावे : शीतगृहाच्या गार वाऱ्यापासून आणि वाहनांच्या वाटेपासून दूर एक स्वच्छ खोली, पंखा, पिण्याचे पाणी, झोळी बांधायला भक्कम कडी, आणि बाळांकडे बघायला पगारावर नेमलेली एक बाई. निवडणीवर असलेल्या आईला मुकादमाने हटकल्याशिवाय पाजायला जाता आले पाहिजे.

शरीर आणि मन

परतलेल्या आईचे शरीर अजून सावरत असते. सिझेरियन झालेल्या स्त्रीला जड पेट्या उचलायला लावू नयेत. सतत उभ्याच्या कामात बसायला स्टूल द्यावे, आणि लघवीवर ताबा कमी राहत असेल तर लाज न बाळगता डॉक्टरांना दाखवावे, कारण व्यायामाने त्यात बराच फरक पडतो. शिसे किंवा रंग-द्रावकांशी संबंध येणाऱ्या विभागातून पाजत्या आईची बदली करावी. प्रसूतीनंतर १८० दिवस लोह-फॉलिक आम्लाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायच्या असतात. कामावर परतताना नेमक्या त्या सुटतात. बाळाची गोवर-रुबेलाची पहिली लस नवव्या महिन्यानंतर असते, त्या दिवसाची अर्धी सुट्टी आधीच मंजूर करून ठेवावी.

थकवा आणि अधूनमधून रडू येणे समजण्यासारखे आहे. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, बाळ झोपले तरी झोप येत नसेल, ‘मी नसलेलीच बरी’ असे बोलणे तोंडी येत असेल, तर ते बाळंतपणानंतरचे नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर मराठीत, केव्हाही, विनामूल्य बोलता येते. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. घरच्यांनी ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ असे म्हणून विषय झटकू नये. रात्रीच्या दोन जागरणांपैकी एक बाबांनी घेतले, काढलेले दूध त्यांनी पाजले, आणि सकाळचा डबा दुसऱ्या कोणी केला, तर पुष्कळ वेळा मनाची घडी लवकर बसते.

दर महिन्याला आढावा, आणि शेवटी

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला आणि नंतर महिन्यातून एकदा कर्मचारी विभागाने दहा मिनिटे बसून विचारावे : वेळा पाळल्या जातात का, खोली मोकळी मिळते का, शिफ्ट जमते का. उत्तर फाइलवर लिहावे आणि अडचण कोण, कधीपर्यंत सोडवणार तेही लिहावे. प्रसूती रजेच्या काळात कामावरून काढणे किंवा तिच्या अटी तिच्या तोट्याने बदलणे बेकायदेशीर आहे. तसे घडले तर आधी लेखी तक्रार कंपनीत द्यावी, पोच घ्यावी, आणि दाद न मिळाल्यास नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयाकडे जावे. नेमणूकपत्र, पगारपत्रके, रजेचा मंजूर अर्ज आणि बाळाचा जन्मदाखला सोबत न्यावा.

बाळ १५ महिन्यांचे झाले की कायद्याने मिळणाऱ्या सुट्ट्या थांबतात. दूध काढण्याच्या दोन्ही वेळा एकाच दिवशी बंद करू नयेत, अन्यथा छाती दाटून दुखते. आधी दुपारची वेळ बंद करावी, आठवडाभराने सकाळची. त्या पंधरा दिवसांसाठी पर्यवेक्षकाने जुन्या वेळा तशाच चालू ठेवाव्यात. सकाळी निघण्यापूर्वी आणि संध्याकाळी घरी आल्यावर पाजणे यानंतरही चालू ठेवता येते आणि त्यासाठी कामावर कोणत्याही वेगळ्या सोयीची गरज लागत नाही.